स्पिनिंग रिळाच्या लाइनला पुन्हा पुन्हा पीळ पडतोय? नवं रीळ घेण्याआधी हे तपासा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मे महिन्याच्या मध्यावर वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीचा हंगाम उघडतो. त्यानंतर दोन-तीन आठवडे माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर मासेमारीची रिळं जमत राहतात. ओळखीतली पोरं आणून ठेवतात आणि तक्रार बहुतेक एकच असते: "काका, सारखा गुंता होतोय. रीळ गेलंय वाटतं." गेल्या बारा-तेरा वर्षांत अशी पुष्कळ रिळं हाताखालून गेली. त्यातली खरोखर बिघडलेली बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांचं रीळ ठीक होतं, लाइनला पीळ पडला होता. तो पडत होता हाताच्या सवयीमुळे किंवा गळाला लावलेल्या आमिषामुळे.

म्हणून ही नोंद. क्रम मुद्दाम सोप्यापासून अवघडाकडे ठेवला आहे. पहिल्या चार गोष्टींना एक पैसाही लागत नाही आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

आधी दुखणं नेमकं ओळखा

रॉडच्या शेंड्यातून दोन हात लाइन ओढून घ्या. दोन्ही टोकं धरून हात सावकाश जवळ आणा. लाइन झोपाळ्याच्या दोरीसारखी नुसती खाली लोंबली तर पीळ नाही. मध्येच गिरकी घेऊन ती स्वतःभोवती गुंडाळायला लागली तर पीळ आहे. जितके वेढे जास्त, तितका पीळ जास्त.

बाकीची लक्षणं अशी:

- फेकताना स्पुलावरून (रिळाच्या ज्या भागावर लाइन गुंडाळलेली असते तो) एकदम झुबका सुटतो आणि रॉडच्या पहिल्या मोठ्या कडीत अडकतो.
- गुंडाळताना लाइन सैल झाली की शेंड्याला दोन-तीन वेढे घेऊन बसते.
- ब्रेडेड (धागे विणून केलेल्या) लाइनमध्ये बारीक, न सुटणारी गाठ पडते. इथले लोक तिला 'विंड नॉट' म्हणतात आणि वाऱ्याला दोष देतात. वारा निमित्त असतो, मूळ कारण स्पुलावर बसलेलं सैल वेटोळं.
- लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन सुटते, पण स्वतःभोवती गुंडाळत नाही. हा पीळ नव्हे. लाइन जुनी आहे किंवा रिळाच्या मानाने जाड आहे. तुम्ही थेट नव्या लाइनच्या भागाकडे जा.

लाइन कापल्यासारखी साफ तुटत असेल तर तो पाइक या धारदार दातांच्या माशाचा दात समजा. त्याला स्टीलचा लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा तुकडा) लागतो. तो विषय इथला नाही.

पीळ मुळात पडतो कसा

लहानपणी पतंग उडवला असेल तर हे लगेच कळेल. फिरकी दोन्ही हातांत सैल धरली आणि ती गरागरा फिरली की मांजा सरळ सुटतो. तीच फिरकी घट्ट धरून एका टोकाकडून मांजा ओढून काढला, तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो. बेटकास्टिंग रीळ पहिल्या प्रकारचं आहे, त्यात स्पूल स्वतः फिरतो. स्पिनिंग रीळ दुसऱ्या प्रकारचं. त्यात स्पूल जागेवर असतो आणि रोटर लाइन घेऊन त्याच्याभोवती फिरतो. गुंडाळताना पडलेला पीळ पुढच्या फेकीत लाइन त्याच वाटेने सुटते तेव्हा निघून जातो. हिशेब बरोबर जुळतो. आपल्याला शोधायचंय ते हा हिशेब कुठे बिघडतो ते.

मी देवगडकडचा. खडकावर बसून गरवताना हातात नुसता तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला गरी (गळ) आणि मध्ये कसलंही यंत्र नाही. पीळ पडला की बोटांना आधी कळायचा. इथे मध्ये रीळ आलं आणि बोटांचं ते काम सुटलं. खालच्या पहिल्या दोन सवयी म्हणजे ते काम परत बोटांकडे देणं आहे.

१. बेल हाताने बंद करा

बेल म्हणजे लाइन पकडून स्पुलावर वळवणारी तारेची कमान. लाइन फेकल्यावर हँडल फिरवलं की बेलची तार आपोआप खटकन बंद होते. सोय आहे, पण त्या क्षणी लाइन सैल असते. बेल बंद होते आणि स्पुलावर एक ढिलं वेटोळं बसतं. पुढची लाइन त्याच्यावर गुंडाळली जाते. दहा-पंधरा फेकींनंतर ते वेटोळं दुसऱ्या वेढ्यांना घेऊन बाहेर येतं. तोच झुबका.

आमिष पाण्यावर पडलं की बेल हाताने बंद करा. मग रिळाच्या पुढची लाइन दोन बोटांत धरून एकदा ताणा, बेलच्या टोकाच्या रोलरवर नीट बसली हे बघा आणि मगच हँडलला हात लावा. एका सेकंदाचं काम. ब्रेड वापरणाऱ्यांची निम्मी तक्रार एवढ्याने जाते. बेलच्या स्प्रिंगचं आयुष्यही वाढतं.

२. ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवू नका

ड्रॅग म्हणजे ताण वाढला की लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक. नवशिक्यांच्या हातून सर्वात जास्त पीळ पडतो तो इथे, आणि तोही नेमका मोठा मासा लागल्यावर. पाइक जोरात पळतो, ड्रॅग करकरत लाइन सोडतो, आणि माणूस घाबरून हँडल फिरवत राहतो. लाइन एक इंचही आत येत नाही. रोटर मात्र फिरतो आणि प्रत्येक फेरीला एक पीळ घालतो.

आकडा बघा. तुमच्या रिळाचा गियर रेशो ६:१ असेल तर हँडलच्या एका फेरीत रोटरच्या सहा फेऱ्या होतात. मासा पळत असताना तुम्ही पन्नास वेळा हँडल फिरवलं, तर लाइनमध्ये तीनशे पीळ गेले. एका माशात. मग पुढचा दिवसभर गुंता का होतोय म्हणून आपण विचार करत बसतो.

मासा लाइन घेत असेल तर हात थांबवा, रॉड वर ठेवा, त्याला पळू द्या. तो थांबला की रॉड सावकाश वर उचला आणि रॉड खाली आणता आणता हँडल फिरवा. करकर ऐकू आली की हात थांबलाच पाहिजे.

ड्रॅग किती असावा? लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. ८ पौंडांच्या लाइनवर साधारण २ ते अडीच पौंड. मासे तोलायचा लहान काटा लाइनला अडकवून ओढा आणि कितीवर ड्रॅग सुटतो ते बघा. फार सैल ड्रॅग असेल तर स्मॉलमाउथ बास हा मासासुद्धा तुमच्याकडून पीळ घालून घेतो. दिवस संपल्यावर ड्रॅगचं बटण सैल करून ठेवा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

३. आमिष पाण्यात फिरतंय का, ते डोळ्यांनी बघा

याच्यावर मी तीन उन्हाळे घालवले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही मिलॅक्सवर जायचो. सुमारे १,३२,००० एकरांचं तळं, पण खोली त्या मानाने बेताची, त्यामुळे वारा सुटला की पाणी लगेच उसळतं. वॉलआयच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा. म्हणून तो कातरवेळेला आणि खवळलेल्या गढूळ पाण्यात बाकीच्या माशांपेक्षा चांगलं बघतो आणि तेव्हाच चरायला निघतो. म्हणजे खरी कमाईची वेळ संध्याकाळचा अर्धा-पाऊण तास. दरवेळी माझा गुंता नेमका तेव्हाच व्हायचा. दोन वेळा लाइन बदलली, एकदा रीळ बदललं. फरक शून्य.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी वारा पडला होता, पाणी आरशासारखं. रिग (गरी, वजन आणि आमिषाची जोडणी) वर घेताना गांडूळ होडीच्या कडेला दोन फुटांवर आलं आणि मी हात थांबवायचा विसरलो. ते गांडूळ पाण्यात ड्रिलच्या पात्यासारखं फिरत होतं. मी गरीला ते मधोमध टोचलं होतं, दोन्ही टोकं लोंबत होती आणि ओढ लागली की त्यांचा पंखा होत होता. होडी तासन् तास वाऱ्याबरोबर वाहत असताना ते खाली असंच फिरत असणार. सेकंदाला एक फेरी धरली तरी अर्ध्या तासात अठराशे पीळ. मी ते काढलं, नवं गांडूळ फक्त तोंडाच्या टोकाशी एकदाच टोचलं आणि परत ओढून पाहिलं. सरळ पोहत आलं, शेपूट मागे लांब. त्या हंगामात मला परत लाइन बदलावी लागली नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. कुठलंही आमिष लावलं की आधी होडीच्या किंवा धक्क्याच्या कडेला दोन हात ओढून बघायचं. फिरलं तर परत लावायचं. सोपे ठोकताळे असे आहेत. गांडूळ तोंडाच्या टोकाशी, एकदाच. जळू तिच्या रुंद टोकाकडच्या चोषकातून टोचायची. मिनो (आमिषाचा छोटा मासा) दोन्ही ओठांतून, नाहीतर तो तिरका होऊन गिरक्या घेतो. प्लॅस्टिकचं मऊ आमिष गरीवर वाकडं बसलं, मध्ये कुबड आलं, तर ते फिरणारच. काढा आणि मध्यरेषेत परत ओवा. धातूचा चमचा (चमच्याच्या आकाराचं आमिष) डुलला पाहिजे, गरगर फिरता कामा नये. फिरत असेल तर गुंडाळायचा वेग कमी करा. इनलाइन स्पिनर या तारेवरच्या आमिषाचं पातं फिरण्यासाठीच असतं, पण त्याच्याबरोबर तारही फिरते. त्याला पाचवा उपाय लागतो.

४. स्पूल काठोकाठ भरलाय का

लाइन स्पुलाच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर खाली असली पाहिजे. काठाला टेकली असेल तर वेढे स्वतःच्या भाराने घसरतात. वरची थोडी लाइन काढून टाका, झालं. फार कमी भरली असेल तर गुंता होत नाही, पण फेक जवळ पडते आणि वेटोळी लहान व घट्ट बसतात.

५. स्विव्हल

आता थोडे पैसे. स्विव्हल म्हणजे दोन्ही टोकं स्वतंत्र फिरणारा छोटा सांधा. इनलाइन स्पिनर, चमचा किंवा वाहत्या होडीमागे ओढायची रिग असेल तर स्विव्हल लावाच. पितळी साधा स्विव्हल स्वस्त असतो, पण हलक्या ताणावर तो नीट फिरत नाही, नुसताच शोभेला राहतो. बॉल बेअरिंगचा लहान स्विव्हल घ्या. हलक्या जिगला (डोक्यापाशी वजन असलेल्या गरीला) तो थेट जोडू नका, जिगची चाल बिघडते. मुख्य लाइन आणि लीडर यांच्यामध्ये, जिगपासून फूट-दीड फूट वर बांधा. पाइक होडीजवळ आला की स्वतःभोवती लोळण घेतो, तेव्हाही हा स्विव्हल लाइन वाचवतो.

पण तिसरी तपासणी न करता नुसता स्विव्हल लावलात तर फिरणारं आमिष फिरतच राहील, आणि स्विव्हल सगळा पीळ अडवत नाही.

६. पडलेला पीळ काढायचा कसा

कारण सापडलं तरी लाइनमध्ये आधीचा पीळ आहेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, नायलॉनच्या बाबतीत मात्र तो जातो. होडी असेल तर लाइनच्या टोकाचं सगळं काढून टाका. गरी, स्विव्हल, वजन, काहीही ठेवायचं नाही. होडी सावकाश चालू ठेवा, मागे दुसरी होडी नाही हे बघा, आणि तुमच्या लांबात लांब फेकीपेक्षा जास्त लाइन बाजूने पाण्यात सोडा, इंजिनाच्या पंख्यापासून लांब. तीन-चार मिनिटं ओढत न्या. टोक मोकळं असल्यामुळे लाइन स्वतःच उलटी फिरून सरळ होते. मग ओल्या फडक्याच्या चिमटीतून ताण देत गुंडाळा.

होडी नसेल तर घरामागच्या हिरवळीवर लाइन पसरा, टोक मोकळं ठेवून चालत ओढा. गवताच्या घर्षणाने तेच काम होतं. डांबरी रस्त्यावर मात्र करू नका, लाइन खरचटते.

यानंतर वरची दोन हातांची परीक्षा परत करा. पीळ गेला आणि दोन वेळा मासेमारीला जाऊन आल्यावरही आला नाही, तर इथेच थांबा. पुढचं वाचायची गरज नाही.

७. लाइन रोलर फिरतोय का

बेलच्या टोकाला जिथे लाइन काटकोनात वळते तिथे एक चिमुकला रोलर असतो. तो अडकला की लाइन त्याच्यावरून घसरते, कडेला सरकते आणि दर इंचाला थोडा थोडा पीळ घेते. रोलरवर मार्करने एक ठिपका काढा, लाइन ताणून हँडल सावकाश फिरवा. ठिपका फिरला पाहिजे. तळ्याच्या वाळूने आणि जुन्या ग्रीसने तो बऱ्याचदा बसलेला असतो.

आधी न उघडता रिळाच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि बोटाने पाच-दहा मिनिटं मागेपुढे करा. नाही सुटला तर एकच स्क्रू काढून रोलर बाहेर येतो, पण आत बारीक वॉशर आणि बहुधा बेअरिंग असतं. पांढरं फडकं अंथरून त्यावर काढा, प्रत्येक भाग निघाला की फोनवर फोटो घ्या आणि त्याच क्रमाने ओळीत मांडा. वॉशर उलटा बसला तर रोलर परत अडकतो. पुसा, एक थेंब तेल, परत बसवा. रोलरवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर रोलरच बदला.

८. नवी लाइन, नीट भरलेली

वॉलआयसाठी २५०० आकाराच्या रिळावर ६ किंवा ८ पौंडांची मोनो (नायलॉनची एकेरी धाग्याची लाइन) पुरते. त्याच रिळावर १४ पौंडांची जाड मोनो भरली तर ती स्पुलावर राहायलाच तयार नसते, त्यातून मेमधल्या थंड पाण्यात नायलॉन आणखी ताठ होतं. जास्त ताकद हवी तर ब्रेड घ्या, ती तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असते. पण ब्रेड नुसत्या स्पुलावर घसरते, म्हणून खाली थोडे वेढे मोनोचे द्या.

भरताना बहुतेकांची चूक होते. दुकानातल्या स्पुलात पेन्सिल घालून तो फिरवत बसू नका. मोनोचा स्पूल जमिनीवर आडवा ठेवा, लेबल वर. लाइन सगळ्या कड्यांतून ओवून रिळाला बांधा, बेल बंद करा, चिमटीत ताण देत पंधरा-वीस फेऱ्या गुंडाळा आणि थांबा. रॉडचा शेंडा खाली नेऊन लाइन सैल करा. ती स्वतःभोवती वळली तर जमिनीवरचा स्पूल उलटा करा. बहुतेक रिळांवर लेबल वर ठेवलं की जमतं, पण दरवेळी करून बघा.

काढलेली लाइन तळ्यात किंवा काठावर टाकू नका, एक वीतभर तुकडासुद्धा नाही. या तळ्यांवर लून पोहतो, मिनेसोटाचा राज्यपक्षी. बुडी मारून मासे धरणारा पक्षी पाण्याखालची लाइन पाहू शकत नाही आणि पायांत-चोचीत अडकली की सोडवू शकत नाही. बोट उतरवण्याच्या काही जागांवर जुन्या मोनोसाठी उभ्या नळीची पेटी असते, तिच्यात टाका. नसेल तर कात्रीने बोटभर तुकडे करून घरच्या कचऱ्यात.

९. लाइन स्पुलावर तिरकी बसतेय का

स्पूल बाजूने बघा. लाइनचा थर पुढच्या काठाकडे फुगलेला असेल तर ब्रेडचे झुबके हमखास सुटतात. स्पूल उचलला की खाली दांड्यावर एक-दोन पातळ वॉशर दिसतील. थर पुढे फुगत असेल तर एक वॉशर वाढवा, मागे फुगत असेल तर एक काढा. बऱ्याच रिळांच्या खोक्यात जादा वॉशर येतात, ते खोकं फेकलं नसेल तर शोधा.

इथे थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या

घरच्या टेबलावरचं काम इथे संपतं. पुढचं काही दिसलं तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा:

- हँडल फिरवताना आत दात घासल्यासारखी करकर लागते, किंवा ठरावीक जागी अडतं.
- हँडल उलटं फिरतं, किंवा घट्ट धरूनही मागे सटकतं. आतला एकदिशा क्लच गेला आहे.
- रोटर फिरताना डगमगतो, किंवा स्पुलाचा दांडा वाकलेला दिसतो. रीळ होडीत आपटल्यावर असं होतं.
- बेलची तार वाकली आहे, किंवा स्प्रिंग तुटल्यामुळे बेल उघडी राहतच नाही.
- ड्रॅग पूर्ण आवळूनही घसरतो, किंवा झटके देत सुटतो.

गियरची पेटी उघडू नका. दोन गियरमधली जागा केसाएवढ्या पातळ वॉशरांनी ठरलेली असते. ते एकदा सांडले की मूळ क्रम सापडत नाही, आणि चुकीच्या क्रमाने जोडलेलं रीळ महिनाभरात स्वतःचे दात खाऊन टाकतं. वॉरंटी बाकी असेल तर तुम्ही उघडल्यामुळे तीही जाऊ शकते. स्वस्तातलं रीळ असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, कधीकधी नवं त्याहून कमी पडतं.

द्यायला जाताना रीळ धुऊनपुसून, लाइन काढून नेऊ नका. आहे त्या लाइनसकट द्या आणि काय होतं, कधी होतं, ते कागदावर लिहून बांधा: "हलक्या ताणाला ठीक, मासा लागला की मागे सटकतं." दुरुस्तीवाल्याला शोधायचा अर्धा वेळ त्याने वाचतो, आणि लाइन कशी बसली आहे यावरून त्याला आतलं बरंच काही कळतं.